वाजवणाऱ्याच्या घरांत काय वाजतें?

(मूर्तिजापूर तालुक्यांतील एका गांवीं भजनी मंडळ व वाजंत्री मंडळी यांच्या मेळाव्यांत तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)

मायबाप शेतकरी मंडळी, कारागीर बांधव, आणि मागें भिंतीला टेकून बसलेल्या आयाबहिणींनो,

मंडळाच्या चिटणीसांनीं आम्हांस ‘संगीताचा महिमा’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितलें. महिमा तुम्ही पुष्कळ ऐकला आहे. दर सप्ताहांत कोणी ना कोणी महाराज येतात, गाण्यानें दगडास पाझर फुटल्याचें, दिवे लागल्याचें, पाऊस पडल्याचें सांगतात, नारळ व पाकीट घेतात आणि पुढच्या गांवाला जातात. पाऊस मात्र त्याच्या मनास येईल तेव्हांच पडतो, हें कपाशी पेरणाऱ्यास सांगावयास नको. म्हणून आम्ही महिमा सांगणार नाहीं, किंमत सांगणार आहों. बाजारांत बैल घेतांना आपण आधीं त्याचे दांत पाहतों, मग किंमत विचारतों, आणि मगच दावें हातीं घेतों. पण पोरगा गळ्यानें गोड निघाला, किंवा डफड्यावर त्याचा हात बसला, म्हणजे सारा गांव टाळ्या पिटतो. ही गोडी कोणाला किती पडेल, आणि किती वर्षें पडेल, हें कोणी विचारीत नाहीं. टाळ्या पिटणाऱ्यास तर ती कांहींच पडत नाहीं. गाणाऱ्यास पडते, पण त्या एकट्यास नव्हे. बहुतेक वेळां त्याचें घरच ती फेडीत बसतें. आपल्याच तालुक्यापासून सुरुवात करूं.

मूर्तिजापूर म्हटलें कीं म्हाताऱ्या माणसांस शकुंतला गाडी आठवते. एका बाजूस यवतमाळ व दुसऱ्या बाजूस अचलपूर गांठणारी ती छोट्या रुळांची गाडी आतां बंद आहे. पण याच मूर्तिजापुरांत २ मे १९२० रोजीं थोर गवई वसंतराव देशपांडे जन्मले, हें आपल्यांतल्या किती जणांस ठाऊक होतें? २०२२ सालीं ‘मी वसंतराव’ नांवाचा चित्रपट निघाला, त्यांत त्यांच्या नातवानेंच, राहुल देशपांडे यांनीं, आजोबांचें काम केलें. तेव्हां कांहीं लोकांच्या कानांवर नांव गेलें.

वसंतरावांच्या आईचें सासरीं पटलें नाहीं. ती लहानग्या मुलाला घेऊन नागपुरास गेली व एकटीनें त्यास वाढविलें. त्या काळीं नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या बाईनें परक्या शहरांत पोर वाढवणें म्हणजे काय, हें पुढें बसलेल्या पागोट्यांपेक्षां मागें बसलेल्या पदरांना अधिक समजेल. गाण्याची पहिली किंमत या माउलीनें दिली आहे, आणि तिचें नांव कोणत्याहि मैफलीच्या हातपत्रिकेवर छापलेलें नाहीं. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशीं मुलगा गाणें शिकला. १९३५ सालीं भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांत त्यानें कृष्णाचें काम केलें. पुढें मामाच्या आधारानें लाहोरास जाऊन मुसलमान उस्तादांपाशीं शिकला. कोणा एका घराण्याचा शिक्का त्यानें लावून घेतला नाहीं. जेथें जें चांगलें दिसलें तें उचललें. याचीहि किंमत असते बरें! शिक्का नसलेल्या नाण्याला पेढीवाला बाहेरच उभें करतो, आणि गाण्याच्या दुनियेंत अशा पेढ्या पुष्कळ आहेत.

एवढी विद्या पदरांत असून हा माणूस पोट कशावर भरीत होता? पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत कारकुनी करून. एक वर्ष नाहीं, दोन वर्षें नाहींत, सुमारें चोवीस वर्षें! मध्यंतरीं दूर ईशान्येच्या सरहद्दीकडे बदलीहि वांट्यास आली. आम्हीहि पगारी माणूस आहों. शाळेंतले पट, खिचडीचे हिशेब आणि सरकारी माहितीचे तक्ते भरून संध्याकाळीं डोक्यांत काय उरतें तें आम्हांस विचारा. गळ्याचें काम तर याहून वाईट. पहिलवानाची तालीम चार दिवस चुकली तर अंग जड होतें, तसा गळाहि जड होतो. ज्या वयांत गळा भरात असतो, ज्या वयांत दहा दहा तास मेहनत सोसते, तें सारें वय कचेरीच्या घड्याळावर गेलें. बेगम अख्तर यांच्यासारख्या मोठ्या गाणारणीनें नोकरी सोडण्याचा आग्रह धरला होता असें सांगतात. पण आग्रह धरणाऱ्याच्या घरीं आपल्या घरचीं तोंडें जेवावयास जात नसतात.

१९६५ च्या सुमारास, वयाच्या पंचेचाळिशींत, ती नोकरी एकदांची सुटली. २४ डिसेंबर १९६७ रोजीं ‘कट्यार काळजांत घुसली’ हें नाटक रंगभूमीवर आलें. लिहिणारे आपल्या विदर्भांतले पुरुषोत्तम दारव्हेकर, चाली जितेंद्र अभिषेकींच्या, आणि खांसाहेबाच्या कामांत वसंतराव. सारा महाराष्ट्र वेडा झाला. १९८२ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि ३० जुलै १९८३ रोजीं, त्रेसष्टाव्या वर्षीं, वसंतराव गेले. आतां तुम्हीच हिशेब करा. चोवीस वर्षें कचेरीस दिलीं, आणि निखळ गवई म्हणून जगावयास मिळालीं अठरा. त्या चोवीस वर्षांत जें गावयाचें राहून गेलें, त्याची नोंद कोणत्याच हिशेबखात्यांत सांपडणार नाहीं.

पण दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्ही तुम्हांस अर्धेंच माप घातलें असें होईल. त्या कारकुनीनें घर चालविलें. पहिल्या तारखेचा पगार होता म्हणून कोणा धनिकाच्या दिवाणखान्यांत ‘वाहवा’ची वाट पाहत बसावें लागलें नाहीं. मिळालेलें सारें गाण्यावर उधळून बायकामुलांस उघड्यावर टाकणारे कलावंत कांहीं कमी झाले नाहींत. नाटकवाले व लेखक त्यांच्या गोष्टी मोठ्या चवीनें सांगतात. आम्हांस त्यांच्यापेक्षां हा कारकून मोठा वाटतो. मात्र त्यांतहि एक गोम आहे, ती या सभेंत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वसंतरावांस गाणें बाजूस ठेवून बसावयास टेबलखुर्ची तरी होती. ज्या समाजांत ते जन्मले त्या समाजांत अक्षर पिढ्यान्‌पिढ्या घरांत होतें. कचेरीचें दार त्यास ओळखीचें होतें. यांत त्यांचा दोष नाहीं, आणि आम्ही दोष देतहि नाहीं. पण त्याच १९२० सालीं, याच तालुक्यांत, एखाद्या मांगवाड्यांतहि गोड गळ्याचें पोर जन्मलें असेलच कीं! त्या पोरानें रात्रीं गावें आणि दिवसा काय करावें? त्याला कोणत्या कचेरीचें दार उघडें होतें? एकाची चोवीस वर्षें गेलीं. दुसऱ्याचा सबंध जन्म गेला, आणि त्याचें नांवहि आम्हांस घेतां येत नाहीं, कारण तें कोणीं लिहूनच ठेवलें नाहीं.

आतां आपल्या वाजंत्र्यांकडे वळूं. ते समोरच बसले आहेत, तेव्हां त्यांच्यापुढें त्यांचीच गोष्ट सांगणें म्हणजे थोडें धारिष्टच. पण ती त्यांना नव्हे, बाकीच्यांना ऐकवावयाची आहे.

गांवांत त्यांच्यावांचून कोणतें कार्य होतें? नवरदेव मारुतीच्या पाराला निघाला कीं पुढें डफडें. बैल तोरणाखालीं आले कीं डफडें. म्हातारा माणूस गेला कीं त्याच्या तिरडीपुढेंहि डफडें. वैशाखाच्या भर दुपारीं चामडें ढिलें पडतें म्हणून डफडेंवाला पाचोळा पेटवतो व त्यावर तें शेकतो. वर ऊन, खालीं जाळ, आणि पुढें नाचणारी पोरें. सनईवाल्याची तऱ्हा आणखी निराळी. सूर तुटूं नये म्हणून तो गालांत हवा धरून ठेवतो व नाकानें दुसरा श्वास घेतो. तासन्‌तास हें करून पाहा म्हणजे कळेल. पुढले दांत गेले कीं सनई ओठांत बसत नाहीं. म्हणजे चाळिशी-पन्नाशींत दांत पडले तर धंदाच पडला. डफडेंवाल्याच्या कानाची गोष्ट तर विचारूंच नका. आमच्या गांवचे एक जुने वाजवणारे आहेत, त्यांच्याशीं बोलावयाचें तर ओरडावें लागतें, आणि लोक त्यांस हंसतात. ज्या आवाजावर आपण नाचलों त्याच आवाजानें तो कान गेला, एवढें तरी हंसणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

आणि हा धंदा वर्षांतून किती दिवसांचा? तुळशीचें लग्न लागलें कीं मुहूर्त सुरू, आणि आषाढ लागला कीं बंद. चातुर्मासांत पोळा, गणपती, देवी एवढेंच. शेतकऱ्यास पेरणीला पैसा लागतो तेव्हां त्याच्या हातांत तो नसतो, ही रड आपल्या सर्वांस ठाऊक आहे. वाजंत्र्याचीहि तीच गत आहे, पण त्याच्यामागें सातबारा नाहीं. पावसाळ्यांत उसनें घ्यावयाचें, लगीनसराईंत फेडावयाचें, कीं पुन्हां पावसाळा दारांत. मग त्यानें तोंड पुढें करून सुपारी मागितली कीं आपणच म्हणतों, ‘हे लोक आतां फार मातले!’ ज्या घरीं मांडवाच्या दिव्यांवर आणि वरातीच्या डीजेवर हजारों रुपये बिनतक्रार उडतात, त्याच घरीं डफडेंवाल्याच्या शंभर रुपयांसाठीं तासभर घासाघीस चालते, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

जेवणाची गोष्ट सांगतांना जीभ अडखळते. सकाळपासून वाजवणाऱ्या माणसास पंगत उठल्यावर, भांडीं खरवडल्यावर, मांडवाबाहेर वाढावयाचें ही रीत पुष्कळ गांवांतून गेली असें म्हणतात. कांहीं ठिकाणीं ती नुसती घराच्या मागच्या बाजूस सरकली आहे. आणि जेवणाआधीं दारू मात्र आग्रहानें! ‘दोन घोट घे म्हणजे हात जोरांत पडतो.’ अरे, हात जोरांत पडतो तो त्याच्या बापानें शिकविलें म्हणून पडतो! ती दारू पुढें त्याच्या घरीं जाते, आणि त्या घरांत रात्रीं काय वाजतें तें त्याच्या बायकोस ठाऊक. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून महार बांधवांनीं गांवकीचीं कामें टाकलीं, तेव्हां ठिकठिकाणीं वाजवणेंहि टाकलें. पुष्कळांस तेव्हां राग आला. पण जी कला माणसाला मांडवाबाहेर उभी करते ती त्यानें टाकली तर दोष कलेचाहि नाहीं आणि टाकणाऱ्याचाहि नाहीं.

आम्हांस ही किंमत शाळेच्या हजेरींत दिसते. आमच्या पांचव्या वर्गांत वाजंत्र्याच्या घरचा एक मुलगा होता. गणितांत चांगला, आणि बाकावर बोटांनीं असा ठेका धरी कीं आम्ही फळ्यावरचें लिहिणें थांबवून ऐकत असूं. फेब्रुवारी संपला कीं त्याची जागा रिकामी. आम्ही त्याच्या घरीं गेलों. बाप सुपारीवर गेला होता. आई दारांत होती. ती म्हणाली, “गुरुजी, पोराले शाळेत पाठवाले मले का वाईट वाटते? पन एक हात कमी झाला तं ताफा मोडते. अन् ताफा मोडला तं पुढच्या साली आमाले कोन बलावते?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. परीक्षेच्या तीन दिवसांपुरतें तिनें पोरास पाठविलें, तो पास झाला, आणि सातवीनंतर सुटला. आज तो दुसऱ्याच्या बँडांत वाजवतो. फार सुरेख वाजवतो. लोक म्हणतात, ‘उपजतच कला आहे हो यांच्या रक्तांत!’ रक्तांत कांहीं नसतें, मंडळी. मार्च महिन्यांत पोर शाळेबाहेर ठेवलें कीं कोणतीहि कला रक्तांत उतरते.

बाईमाणसानें हा मार्ग धरला तर किंमत दुप्पट. तमाशा हा आपल्या वऱ्हाडाचा नव्हे, पश्चिमेकडचा, आपल्याकडे दंडार. पण जत्रेंत तमाशाचे तंबू आलेले तुम्हीं पाहिले आहेत. पुणें जिल्ह्यांत नारायणगांव म्हणून गांव आहे. तेथें दर सालीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. त्या गांवच्या विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर. १९३५ सालीं पंढरपुरास जन्म, बाप-चुलते तमासगीर, लहानपणापासून पायांत चाळ. १९६२ च्या चीनच्या लढाईच्या वेळीं सरहद्दीवरच्या शिपायांपुढें त्यांनीं खेळ केले. १९५७ सालीं व पुन्हां १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. याहून मोठा मान कोणता?

आणि त्यांची दुसरी गोष्ट सर्व महाराष्ट्राला माहीत आहे. दिवस भरलेले असतां त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. पडद्यामागें गेल्या, बाळंत झाल्या, दगडानें नाळ ठेंचून तोडली, आणि उरलेला खेळ करावयास पुन्हां बाहेर आल्या. ही गोष्ट सांगतांना लोकांच्या डोळ्यांत अभिमान दाटतो. ‘काय ती कलेची निष्ठा!’ आमच्या डोळ्यांपुढें मात्र निराळेंच येतें. एवढ्या मोठ्या फडावर, एवढ्या मोठ्या जनसमुदायांत, ‘आज खेळ बंद’ असें म्हणण्याची सोय त्या बाईस नव्हती. फडमालकानें हंगामाआधीं उचल घेतलेली असते. तिच्यावर साऱ्या फडाचीं चुलीं पेटतात. खेळ मोडला तर गांव पैसे देत नाहीं, उलट राहुट्या पाडतो. बाईला निष्ठा होतीच, ती आम्ही नाकारीत नाहीं. पण निष्ठेला दुसरी वाटच ठेवलेली नसली म्हणजे तिचें कौतुक जरा जपून करावें. १५ जानेवारी २००२ रोजीं विठाबाई गेल्या, आणि दवाखान्याचें बिल भागवावयास लोकांच्या देणग्या लागल्या. दोनदां राष्ट्रपतींनीं गौरविलेली बाई! पुढें सरकारनें त्यांच्या नांवानें दर सालचा पुरस्कार सुरू केला. मेल्यावर नांवाला मोल येतें, पण औषध मेल्यावर घेतां येत नाहीं.

जातीची किंमत दोन्ही बाजूंनीं द्यावी लागते, हेंहि जातां जातां सांगतों. पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरें हरणाक्ष गांवचे ब्राह्मण, कुलकर्णपण सोडून तमाशांत आले. पवळा या महार समाजांतल्या गुणी बाईबरोबर त्यांचा फड गाजला. त्यांच्या जातीनें त्यांस टाकलें, आणि २२ डिसेंबर १९४५ रोजीं पुण्यास ते हलाखींत वारले. बापूरावांच्या त्यागावर लेख निघतात, नाटकें निघतात. पवळेनें काय दिलें, तिच्या म्हातारपणीं तिला कोणीं विचारलें, यावर किती ओळी निघाल्या? ब्राह्मणानें तमाशांत यावें तर त्याग, आणि महारणीनें यावें तर तिचा धंदाच, असा हा न्याय!

आतां आम्ही ज्या गोष्टीवर येणार आहों ती बोलतांना कोणाचें मन दुखेल तर आधींच क्षमा मागतों. आपल्याच तालुक्यांतलें दापुरें. शेंडगांवच्या परिटाचा मुलगा डेबू, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, बाप गेल्यावर या दापुऱ्यास मामाच्या घरीं वाढला. गुरें राखलीं, नांगर धरला, सावकाराशीं झगडला, आणि भजनांत रमला. १ फेब्रुवारी १९०५ रोजीं तो घरांतून निघून गेला, आणि पुढें सारा मुलूख त्यास गाडगेबाबा म्हणूं लागला. कीर्तनकारास गवई म्हणावें कीं नाहीं यावर वाद घालणारे घालोत. ज्यानें गाणें व बोलणें एवढ्याच हत्यारांनीं अर्धशतक गाजविलें, ज्याच्या तोंडचा गजर ऐकून हजारों माणसें झाडू हातीं घेत, तो आमच्या लेखीं गाणाराच. बाबांनीं धर्मशाळा बांधल्या, शाळा-वसतिगृहांस हात दिला, दारू आणि पशुबळी यांवर कोरडे ओढले. जेवणाचें ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरास शिकवा, असें त्यांनीं खेडोपाडीं सांगितलें. आम्ही मास्तर म्हणून त्यांच्या पायांशीं बसतों.

पण बाबा निघाले तेव्हां मागें कोण होतें? म्हातारी आई सखूबाई, बायको कुंताबाई आणि लहान लेंकरें. १९२३ सालीं त्यांचा मुलगा गोविंदा पिसाळलेलें कुत्रें चावून वारला. बाबा तेव्हां कोंकणांत खारेपाटणला कीर्तन करीत होते; बातमी आली, आणि कीर्तन थांबलें नाहीं, असें सांगतात. ही गोष्ट आम्हीं शाळेंतल्या मुलांना अनेकदां सांगितली आहे, आणि दरवेळीं एखादी मुलगी विचारतेच, ‘गुरुजी, मग त्याची आई काय करत होती?’ याचें उत्तर आमच्या पुस्तकांत नाहीं. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजीं वलगांवाजवळ प्रवासांतच गेले; अमरावतीला त्यांची समाधि आहे, तेथें दर सालीं लोक लोटतात. कुंताबाईच्या नांवानें एखादी पणती तरी दापुऱ्यांत लावावी असें आम्हांस वाटतें. बाबांनीं जें घर सोडलें तें कोणी तरी धरून ठेवलें होतें. तें धरणारीचे हातहि त्या खराट्याला लागलेले आहेत.

इतकें सांगितल्यावर कोणी म्हणेल, ‘मग काय गुरुजी, पोरांचीं डफडीं हिसकावून घेऊं?’ मुळींच नाहीं. आमच्या शाळेंतल्या मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात तेव्हां शाळा शाळा वाटते, एरवीं ती कचेरी असते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, किंमत एकाच घरावर लादूं नका. तिच्यांतला आपला वांटा प्रत्येकानें उचलावा, आणि तो फार जड नाहीं.

लग्नाची बोलणी होतात तेव्हां मानपान ठरवतां, तशी वाजंत्र्याची रक्कमहि ठरवा, आणि ती पंगतीआधीं त्याच्या हातांत द्या. दुसऱ्या दिवशीं त्याला दारांत हेलपाटे घालावयास लावूं नका. त्याला पंगतींत बसवा, पहिल्या पंगतींत. दारूचा घोट देणारा पाहुणा असेल तर त्याला मांडवाबाहेर काढा, तो कितीहि मोठा असो. मार्च-एप्रिलांत शाळेच्या पोरास ताफ्यांत उभें केलेलें दिसलें तर ताफ्यावर ओरडूं नका. त्या दिवशीं एखाद्या मोठ्या माणसाची मजुरी अधिक द्या आणि पोराला घरीं पाठवा. हें सांगणें सोपें, करणें कठीण, हें आम्हांस ठाऊक आहे. पण ज्या गांवांत सप्ताहासाठीं दर घरामागें वर्गणी निघते, त्या गांवांत एका पोराच्या परीक्षेपुरती वर्गणी निघूं नये काय?

ज्या घरांत गोड गळ्याचें पोर आहे, मग तें कुणब्याचें असो, सुताराचें असो कीं मांगाचें, त्या घरानें त्याला गाऊं द्यावें आणि दहावी-बारावीचा कागदहि हातीं द्यावा. वसंतरावांची टेबलखुर्ची दुःखाची खरी, पण ज्याला ती मिळाली नाहीं त्याचें दुःख त्याहून मोठें. मुलगी गोड गळ्याची असली तर तिचें लग्न उरकण्याची घाई करूं नका, आणि जांवई पाहतांना तो तिला गाऊं देईल कीं नाहीं, हेंहि हुंड्याच्या गोष्टींपेक्षां आधीं विचारा. हुंडा तर देऊंच नका, पण तो आजचा विषय नाहीं.

आतां शेवटचें, आणि तें कामाचें. म्हाताऱ्या कलावंतांस मानधन देण्याची सरकारची योजना १९५४-५५ पासून चालत आली आहे. आतां तिला राजर्षि शाहू महाराजांचें नांव आहे, आणि २०२४ मध्यें मानधन महिना ५००० रुपये केलें. वयाची पन्नाशी उलटलेल्यानें अर्ज करावा. पण अर्जाबरोबर पुरावे मागतात. कोठें गायलां, केव्हां वाजवलेंत, त्याचीं पत्रकें, छायाचित्रें, प्रशस्तिपत्रें आणा म्हणतात. शहरांतल्या गवयाकडे तीं पेटीभर असतात. आमच्या डफडेंवाल्यानें चाळीस वर्षें या गांवचीं लग्नें वाजवलीं, त्याला कोणत्या नवरदेवानें पावती दिली? तेव्हां पुरावा आपणच दिला पाहिजे. ज्याच्या ज्याच्या घरीं लग्नाचे जुने फोटो असतील व त्यांत वाजवणारे दिसत असतील, त्यानें ते शोधून काढावेत. ज्यांच्या लग्नांत यांनीं वाजवलें त्यांनीं तसें लिहून सही द्यावी. आधीं पंचांच्या सह्या घेऊं, मग ग्रामपंचायतीचा दाखला मागूं. भजनी मंडळानें जुन्या सप्ताहांचीं पत्रकें जपलीं असतील तर तींहि आणावींत. येत्या रविवारीं सकाळीं आठ वाजल्यापासून आम्ही शाळेच्या ओट्यावर कागद-दौत घेऊन बसणार आहों. वाजंत्री मंडळींनीं आधारकार्ड व बँकेचें पुस्तक घेऊन यावें, आणि ज्यांच्या नवऱ्याला ऐकूं येत नाहीं त्या बायांनीं त्याच्याबरोबर स्वतः यावें, म्हणजे वर्षांचा हिशेब बरोबर लागेल.